थकलेले सेल

आमच्या घरात सेल फेकून द्यायची पद्धत नव्हती. आमच्याकडे सेलांची फक्त बदली होई.

नवा सेल आधी रेडिओत रुजू व्हायचा. रेडिओतला माणूस सर्दी झाल्यासारखा बोलू लागला, की त्या सेलाची बदली टॉर्चमध्ये. टॉर्चचा उजेड संत्र्याच्या सालीसारखा पडू लागला, की सेल रजेवर. म्हणजे गच्चीवर, उन्हात. मंगरूळपीरच्या आमच्या गच्चीवर उन्हाळ्यात एका सुपात कुरडया वाळायच्या आणि शेजारच्या सुपात सेल. ऊन खाल्लं की मेलेला सेलही घटकाभर उठून बसतो, हे आमच्या भागात कुणालाही ठाऊक होतं. मी त्या ज्ञानाला फक्त शिस्त लावली. प्रत्येक सेलाच्या कमरेला शाईने आकडा, आणि कोण किती ऊन खाऊन आला ते सगळं माझ्या डोक्यात. (कचेरीत मी आकड्यांच्याच टेबलावर बसायचो. घरी आल्याबरोबर माणसाने एकदम वेगळं कसं व्हावं?)

"पोरीच्या कपाळाले हात लावा म्हनून तुमाले सांगा लागते," माझी बायको शांता म्हणायची, "अन् सेलाचं अंग गरम झालं का नाई, ते तुमी न सांगता पाह्यता!"

अशा घरात टेपरेकॉर्डर आला.

शांताचा भाऊ फौजेत होता, त्याने सुट्टीवर येताना आणला. काळा, चपटा, पोथीएवढा. कॅसेट आत घालायची, बटण दाबायचं, की डबा गाणार. आणि दुसरं एक बटण जोडीने दाबलं, की आपण बोलू ते तो लक्षात ठेवणार. विजेवर चालवायची तार मात्र मेहुणा तिकडेच विसरला होता. म्हणजे पुन्हा सेल! तेही एकदम चार, आणि मोठे! चार तोंडांचा पाहुणा कायमचा राहायला यावा तसं मला झालं. मी सुपातले चार अनुभवी सेल निवडले आणि त्याला दिले. त्यानेही तक्रार केली नाही.

त्याच उन्हाळ्यात आई न्हाणीत घसरली. पायाचं हाड मोडलं आणि मांडीपर्यंत प्लास्टर चढलं. अंगणातल्या निंबाखाली तिची बाज टाकली. दिवसभर ती तिथे पडून निंबाची फुलं अंगावर झेलत राही आणि काही बोलत नसे. न बोलण्याचं कारण पाय नव्हता. माझी धाकटी बहीण सुली केनवडला दिलेली. तिचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ह्याला आमच्यात अपवाद नाही. पण आईलाच धरून उठवावं लागत होतं, आणि शांता एकटी कुणाकुणाकडे पाहणार? शेवटी सुलीच्या सासूचाच निरोप आला: "आमी करू बाळंतपन. विहीणबाईनं आपला पाय सांभाळावा." ह्या बाईंचं बोलणं नेहमीच असं, अडकित्त्याने सुपारी फोडल्यासारखं. त्यात राग किती आणि माया किती, हे फोडून पाहायची आमच्यात कुणाची हिंमत नव्हती.

मुलगी झाली. बारशाचं बोलावणं आलं. आई बाजेवरून निंबाकडे पाहत म्हणाली, "पोरीले माहेर भेटलं नाई."

एवढंच म्हणाली. पण दिवसातून अनेकदा म्हणाली.

मी म्हटलं, "माय, तू नाही येऊ शकत, तर तुझा आवाज नेतो. नातीसाठी पाळणा म्हण ह्या डब्यात."

"डब्यात?" आईने टेपरेकॉर्डरकडे असं पाहिलं, की जणू मी तिला पिंपात उतरून गायला सांगत होतो. "त्यात गायलेलं तिले जसंच्या तसं आयकू जाईन?"

"जसंच्या तसं."

"पाह्य बरं, बापा. माह्या पोरीले माहाच आवाज पोचला पायजे."

"माय, माझ्यावर सोड." (हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा बोललो नाही. का, ते पुढे कळेल.)

दुपारी सगळं गाव निपचित पडलं, तेव्हा आम्ही बसलो. दूर कुठेतरी पिठाची गिरणी टुकटुक करत होती. शेजारची शेळी मधूनच ओरडत होती. मी दोन्ही बटणं दाबली.

"म्हण."

"कोनाकडे पाहू?"

"डब्याकडे."

"डब्याकडे पाहून गानं येते का रे!" आईने थोडा विचार केला. मग तिने टेपरेकॉर्डर उचलून सरळ मांडीवर घेतला, पदराखाली धरला, आणि त्याला थोपटू लागली. मी "माय, आवाज येईल थोपटल्याचा" म्हणेपर्यंत तिने डोळे मिटून सुरूही केलं होतं:

"नीज माहे सोनू, निंबाखाली छाया,
वारा देते झोका, आजी देते माया..."

मला वाटतं, त्या पाळण्यात काहीतरी होतं. किंवा उन्हात असेल. निंबाचं फूल हळूहळू खाली यायचं, आईचा हात हळूहळू डब्यावर पडायचा, गिरणीची टुकटुक त्या तालात मिसळून जायची, आणि मधेच आईचा आवाज माझ्या लहानपणीच्या कुठल्यातरी दुपारीतून येतोय असं वाटायचं. मी बाजेच्या खुराला टेकलो. शांता आधीच पेंगली होती. पुढचं मला आठवत नाही. कॅसेट संपून बटण टक्कन वर उडालं, तेव्हा मी जागा झालो. आई शांतपणे डबा मांडीवर घेऊन बसली होती.

मी सुरुवातीच्या दोन ओळी लावून तपासल्या. हुबेहूब आई! पुढचं ऐकलं नाही. उगाच सेल कशाला जाळा?

निघायच्या आदल्या दिवशी शांताने मला अडवलं. "अवो, पाव्हन्याच्या घरी ते आकडे टाकलेले सेल काढसान का? चार मानसात इज्जतीचा सवाल हाय. नवे घ्या!"

मी नवे सेल घेतले. चारही नवे, एकदम, स्वतःच्या हाताने. दुकानदाराने मला खुर्ची दिली. (ओळखीचा होता. त्याला वाटलं, माझी तब्येत ठीक नाही.) नवे सेल डब्यात घातले, आणि जुने? जुने रुमालात बांधून पिशवीत ठेवले. चांगले सेल टाकतात का कुठे!

मंगरूळपीरहून वाशीम, वाशीमहून रिसोड, तिथून केनवड. डबा सगळ्या वाटेने मी मांडीवर धरला, आणि खड्ड्यांत त्याला नकळत थोपटत आलो.

केनवडच्या अंगणात मांडव होता. वंदना झाली, बाळाच्या आत्याने कानात 'प्रज्ञा' हे नाव सांगितलं, जेवणं झाली. मग बाया हात धुऊन मांडवात येऊन बसल्या. सुली बाळाला घेऊन आली. वाळली होती. तिने माझी खुशाली विचारली नाही, शांताची विचारली नाही.

"दादा, मायचा आवाज आनला म्हनते?"

"जसाच्या तसा," मी म्हणालो आणि डबा मधोमध पाटावर ठेवला. कुणीतरी त्याला हळदकुंकू वाहायला निघालं होतं, त्यांना थांबवलं. मी एक लहानसं भाषण केलं: विज्ञान, अंतर, आईची माया. मग बटण दाबलं.

आणि डब्यातून एक चिमणी वेगाने पाळणा म्हणू लागली.

चिमणीसुद्धा नव्हे, तिला चावी दिली होती. "नीजमाहेसोनूनिंबाखालीछाया" हे सगळं एका उचकीत संपत होतं. आईच्या थोपटण्याचा ढोल वाजत होता. गिरणी शिवणयंत्रासारखी पळत होती. शेळी मांजरासारखी ओरडली.

बाळ दचकलं आणि रडू लागलं.

मग सुलीचा चुलतसासरा, कानामागे हात धरून ऐकणारा एक वयस्क माणूस, म्हणाला, "पोट्टी चांगली गाते. कोन्या वर्गात हाय?"

"विहीणबाईचा पाय मोडला का गळा?" सुलीच्या सासूबाई म्हणाल्या.

सगळा मांडव हसला. सुली हसली नाही. तिने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मला आईची ती निंबाकडची नजर आठवली.

"मशीन तापलं आहे," मी जाहीर केलं. "दुरुस्त होईल."

एवढं बोलायचा अवकाश, की मांडवातला प्रत्येक माणूस मिस्तरी झाला. कुणी म्हणालं, फीत सैल झाली असेल. मी पेन्सिल घालून कॅसेट घट्ट गुंडाळली. चिमणी तशीच. कुणी म्हणालं, वाशीमच्या रस्त्याची धूळ शिरली. मग सायकलच्या पंपाने आत हवा मारली. चिमणी शिंकलीसुद्धा नाही. कुणी म्हणालं, उन्हाने चुंबक पातळ झालं. डबा ओल्या फडक्यात गुंडाळून रांजणाजवळ थंड जागी ठेवला. बाहेर काढल्यावर चिमणीला सर्दी नव्हती, पण फडक्यात मुंग्या होत्या. दर खेपेला बटण दाबलं की बाळ रडायचं, आणि दर खेपेला सासूबाई म्हणायच्या, "पाळन्यानं उठनारं लेकरू पह्यल्यांदाच पाह्यलं बाप्पा!"

जावईबापू शाळेत शिकवत. ते म्हणाले, "दादा, वेग जास्त हाय. ब्रेक लावा."

हे मला पटलं. मी झाकण उघडून फिरत्या चाकावर बोट टेकवलं. आईचा आवाज खाली आला. बोट घसरलं, की वर गेला. खाली आला, वर गेला. पाळणा म्हणणारी बाई जत्रेतल्या उंच पाळण्यात बसून गात होती!

"बंद करा," सासूबाई म्हणाल्या. "ह्या पोरीची माय सरळ बाई हाय. तिले दारू पाजल्यावानी कायले करून राह्यले?"

मी बंद केलं. सुली बाळाला घेऊन आत जायला उठली. आईने माझ्यावर एक काम सोपवलं होतं. तिने मला माहेर दिलं होतं न्यायला, आणि मी केनवडला चिमणी पोचवली होती.

अशा वेळी चांगला माणूस काय करेल, मला माहीत नाही. मी काय केलं ते सांगतो. माझ्या मनात आलं: टेप तर बिघडलीच आहे, मग हे कोरे करकरीत सेल उगाच आत कशाला खर्ची पडताहेत? मी चारही नवे सेल काढून खिशात घातले. आणि पुढची खटपट फुकटात व्हावी म्हणून पिशवीतला रुमाल सोडून जुने आकडेवाले सेल आत घातले. मांडवातल्या बाया एकमेकींना कोपरं मारू लागल्या. मी बटण दाबलं.

आधी एक मुलगी गायली. दहा-बारा वर्षांची असावी, बारीक, गोड आवाजाची. बाळ रडलं नाही. सुली दारातच थांबली.

सेलांनी पिशवीत विसावा घेतलेला होता, म्हणून सुरुवातीला ते जरा जोरात होते. मग ते थकू लागले, आणि ते थकत गेले तशी ती मुलगी मोठी होत गेली. पाळण्याच्या पुढच्या फेरीला ती वयात आली. मग लग्न होऊन नव्या घरात बिचकत गाणारी एक बाई झाली. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता, तरी ओळखीचा होता. गिरणीची टुकटुक मंदावत आपल्या जागी आली. शेळी शेळी झाली. थोपटणारा हात ढोल वाजवायचा थांबून हात झाला. आणि मग, कुठलीही खूण न करता, ती आई झाली.

"नीज माहे सोनू, निंबाखाली छाया..."

मांडवात कुणी हललं नाही. केनवडच्या त्या अंगणात निंब नव्हता. पण मला वाटतं, सगळ्यांच्या अंगावर त्याची सावली पडली. चुलतसासऱ्यांची मान छातीवर आली. बाया भिंतींना टेकल्या. बाळ सुलीच्या खांद्यावर झोपलं. सुली पाटासमोर येऊन बसली आणि डोळे मिटून डुलू लागली. तिला गाणं तर ऐकू येत होतंच, पण ती गिरणीही ऐकत होती, शेळीही.

(मला तेव्हा कळलं. आई गायली ती थकल्या सेलांवर. फीत हळू सरकत होती. नव्या सेलांवर ती पळू लागली. म्हणजे जन्मात एकदा मी हात सैल सोडला, आणि घोळ नेमका त्यानेच झाला! डबा बिघडला नव्हता; बिघडली होती ती माझी सवय.)

पाळणा संपला. मी बटणाकडे हात नेला, तोच डब्यातून आई बोलली.

"सुले, गानं झालं वं माय. आता हा डबा चालू हाय का बंद, मले समजत नाई. तुह्या दादाले इचारलं असतं, पन तो निजला."

पाठोपाठ माझं घोरणं आलं. अगदी खणखणीत. ते मात्र कुठल्याही सेलावर ओळखू आलं असतं! मांडव जागा झाला.

"पाह्य कसा घोरते. जाऊ दे. सुले, तुले येक सांगतो. तुही सासू..."

इथे सेलांनी दम सोडला. "साऽऽ...सूऽऽऽ" करत आईचा आवाज खोल विहिरीत उतरला, माझ्या आजोबांसारखा झाला, म्हशीसारखा झाला, आणि थांबला.

सगळा मांडव सासूबाईंकडे पाहू लागला.

"हं," सासूबाई म्हणाल्या. "तुही सासू काय?"

"सेल संपले, मावशी."

"खिशात नवे हायेत ना? टाक!"

नवे टाकले. चिमणीने मोठ्या उत्साहाने सगळं सांगितलं. एक अक्षर कुणाला कळलं नाही.

"काय म्हनलं?"

"मावशी, समजलं नाही."

"समजलं नाई, का सांगाचं नाई?"

"मावशी, खरंच. जुने सेलच पाहिजेत. पण त्यांना ऊन द्यावं लागेल."

मग केनवडच्या त्या घरात जे झालं, ते आमच्या घराच्या पद्धतीने झालं. अंगणात सूप आलं. सुपात चार सेल पडले. कोंबड्या चोच मारतील म्हणून कुणीतरी राखण बसायला हवं होतं. कुणाला सांगायच्या आत सासूबाई स्वतः काठी घेऊन, डोक्यावर पदर ओढून, उन्हात सुपाजवळ बसल्या.

"सावलीत बसा ना," सुली म्हणाली.

"तू लेकराले पाह्य." त्यांनी कोंबडीवर काठी उगारली. मग सेलांकडे पाहत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "म्हनलं असंन, सासू खडूस हाय. म्हनू दे. हायच मी खडूस. पन मंग निदान पुरं तरी आयकू द्या!"

मी मधून मधून जाऊन सेल कुशीवर वळवत होतो. इतका मान मला त्या गावात आधी कधी मिळाला नव्हता. शेवटी सेल तापले. पेन्सिलीने फीत मागे घेतली. मी बटण दाबलं. माझं घोरणं झालं. (ते पुन्हा ऐकावं लागलं. इलाज नव्हता.) आणि आई बोलली, थोडी तरुण, पण स्पष्ट:

"तुही सासू हाय म्हनून मी अथी पाय पसरून निजली वं. दुसरी कोनी असती, तं मी हा मोडका पाय ओढत केनवडले आली असती. तिले म्हन, माहेर तिनंच केलं."

कोंबड्या सुपाकडे आल्या. त्यांना कुणी हाकललं नाही. सासूबाईंनी पदराने आधी तोंड पुसलं, मग डोळे, मग पुन्हा तोंड.

"उन्हात बसवलं मले," त्या म्हणाल्या. "डोये जळजळ करून राह्यले." आणि जरा वेळाने, "परत लाव."

"मावशी, सेल बसतील."

"मंग टाक उन्हात!"

टेपरेकॉर्डर मी केनवडलाच ठेवला. शांताला वाईट वाटेल अशी भीती होती, ती म्हणाली, "बरं झालं. तुमचं घोरनं घरात येकदाच पुरे." जुने सेलही तिथेच राहिले. नवे मी परत आणले.

पण उन्हालाही मर्यादा आहे. काही महिन्यांनी ते चौघे कायमचे गेले. जावईबापू कामासाठी मंगरूळपीरला आले, तेव्हा चहा पिता पिता म्हणाले, "दादा, घरून सांगतलं हाय, सेल पाठवा. पन नवे नको. लय मेलेलेही नको. माय माय वाटली पायजे, असे."

असे सेल दुकानात मिळत नाहीत. मी विचारून पाहिलं. (दुकानदाराने पुन्हा खुर्ची दिली.)

मग राहिला एकच उपाय. मी त्या चार नव्या सेलांना शाईने आकडे घातले, दोन दोन करून टॉर्चमध्ये भरले, आणि भर दुपारी निंबाखाली टॉर्च पेटवून बसलो. आईचं प्लास्टर निघालं होतं. काठी टेकत ती जवळ आली, माझ्याकडे पाहिलं, टॉर्चकडे पाहिलं, वर सूर्याकडे पाहिलं.

"काय हरपलं रे, बापा?"

"काही नाही, माय. सेल थकवून राह्यलो."

ती बाजेवर बसली. मग तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझं अंग गरम आहे का, ते पाहत होती.